अर्ध्या मिलिमीटरचा विक्रम

वेगाच्या विक्रमांच्या इतिहासात विमानांची इंजिनं बसवलेल्या अवाढव्य गाड्यांचा बोलबाला फार. त्यांच्या गर्दीत मला सर्वांत जास्त भुरळ घालते ती एमजी कंपनीची एक लहानशी गाडी, ईएक्स १३५. मुळात ही १९३०च्या दशकातली के-थ्री मॅग्नेट, म्हणजे शर्यतीत पळणारी सहा सिलिंडरची स्पोर्ट्स कार. इंजिन अवघं १,०८७ सीसीचं. त्याच चासीवर, त्याच चालकाच्या हाताखाली, १९३८ ते १९५० या काळात ३५० सीसीपासून २,००० सीसीपर्यंतच्या सहा वेगवेगळ्या वर्गांत आंतरराष्ट्रीय विक्रम झाले. एका गाडीने सहा वर्ग जिंकायचे कसे, ही गोष्ट उलगडत जाते तसतसा माझा तरी अचंबा वाढतच जातो.

चालक होते गोल्डी गार्डनर. जन्म १८९०चा. पहिल्या महायुद्धात विमान कोसळून त्यांची कंबर आणि पाय जायबंदी झाले, १९३२मध्ये आयर्लंडमधल्या आर्ड्सच्या शर्यतीतल्या अपघातात पायाला पुन्हा मार बसला. काठी टेकत चालणारा हा माणूस पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना जगातली सर्वांत वेगवान छोटी गाडी चालवत होता.

गाडी आधी जॉर्ज आयस्टन यांच्यासाठी १९३४मध्ये बांधली होती. तिची रचना मोठी विलक्षण. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट हे सगळं सरळ रेषेत न ठेवता थोडं तिरकं बसवलेलं. कारण शाफ्ट मधोमध गेला की चालकाला त्याच्यावर बसावं लागतं. शाफ्ट तिरका गेला की चालक त्याच्या शेजारी, जवळजवळ जमिनीलगत बसू शकतो. चालक वीतभर खाली सरकला की गाडीची उंची वीतभर कमी होते. एवढ्यासाठी अख्खी गाडी तिरकी बांधायची?

हो, कारण समोर हवा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. त्यात दर सेकंदाला दुप्पट अंतर कापायचं असल्यामुळे लागणारी शक्ती होते आठपट. ईएक्स १३५च्या इंजिनातून सुमारे २०० अश्वशक्ती मिळत होती आणि तेवढ्यावर ती ताशी ३२० किलोमीटरच्या पुढे गेली. आता उलटा हिशेब करून पाहा. टायरांचं घर्षण क्षणभर बाजूला ठेवलं, तर ताशी १६० किलोमीटरला तिला फक्त २५ अश्वशक्ती पुरली असती! उरलेली सगळी ताकद नंतरच्या १६० किलोमीटरसाठी. म्हणून विक्रमाच्या शिकाऱ्याला इंजिनापेक्षा आधी आकाराची काळजी असते.

तो आकार दिला रीड रेलटन यांनी. जॉन कॉब यांची एके काळची जगातली सर्वांत वेगवान गाडीही त्यांच्याच डोक्यातून उतरलेली. १९३८मध्ये त्यांनी मॅग्नेटचं जुनं अंग उतरवून तिला चाकं पूर्ण झाकणारं, गुळगुळीत, बुटकं कवच चढवलं. आत इंजिनाला सुपरचार्जर होताच. तो सिलिंडरमध्ये दाबून हवा भरतो. हवा जास्त तितकं पेट्रोलही जास्त जाळता येतं. त्या नोव्हेंबरात फ्रँकफर्टजवळच्या ऑटोबानवर गार्डनर यांनी ताशी ३०० किलोमीटर गाठले. त्याच वर्षी जानेवारीत, त्याच रस्त्यावर, बर्न्ट रोझमायर हा ऑटो युनियनचा असामान्य चालक बाजूने आलेल्या वाऱ्याच्या झोतात सापडून मरण पावला होता. समोरची हवा वेग खाते. बाजूची हवा जीव घेऊ शकते, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी मुक्काम हलला डेसाऊला. जर्मनांनी तिथे ऑटोबानचा एक सरळसोट पट्टा खास विक्रमांसाठी बांधला होता. मधला दुभाजक नाही, त्या जागीही काँक्रीट. वरून जाणाऱ्या पुलांना मधोमध खांबही नाहीत. ३१ मे १९३९ रोजी गार्डनर यांनी ११०० सीसीच्या वर्गात ताशी सुमारे ३२७.५ किलोमीटरची नोंद केली.

एकदा सुसाट जाऊन विक्रम होत नाही. एका दिशेने जायचं, तासाभरात उलट दिशेने परत यायचं आणि दोन्हींची सरासरी धरायची. त्यामुळे वाऱ्याची किंवा उताराची फुकटची मदत बाद होते. मोजलेला एक किलोमीटर त्या वेगाने पार व्हायला लागतात अकरा सेकंद. हे अकरा सेकंद टायर कसे काढतात, हे मला या सगळ्यातलं मोठं नवल वाटतं. चाकाचा घेर दोन मीटरच्या आसपास धरला, तर ते सेकंदाला पंचेचाळीसएक फेरे घेतं. टायरच्या पृष्ठभागावरचा एक ग्रॅम रबर तेव्हा बाहेरच्या दिशेने जणू अडीच किलो वजन लटकवल्यासारखा ओढला जातो. आणि रबराच्या इंचाइंचावर ही ओढ!

आता माझा सर्वांत आवडता भाग. विक्रमांचे वर्ग इंजिनाच्या आकारमानावर ठरतात. ७५० ते १,१०० सीसी एक वर्ग, १,१०० ते १,५०० पुढचा. पहिला खिशात आला होता. पुढच्या वर्गातला विक्रमही आपल्या वेगापेक्षा कमी आहे, हे मंडळींना माहीत होतं. मग त्यासाठी १,५०० सीसीचं इंजिन हवंच कशाला? १,१००च्या रेषेवरून पाऊल टाकलं की झालं. एमजीच्या कारागिरांनी तिथल्या तिथे, डेसाऊलाच, इंजिन बोअर केलं. सिलिंडरचा व्यास होता ५७ मिलिमीटर. फिरत्या पात्याने आतल्या लोखंडाचा पातळ थर सहाही सिलिंडरमधून सारखा खरवडायचा, तोही व्यास अर्ध्या मिलिमीटरनेच वाढेल एवढा. मग त्या मापाचे पिस्टन घालायचे. कुठल्याही गॅरेजमध्ये झिजलेल्या इंजिनाचं ओव्हरसाइझ करतात तेच काम. इथे मात्र धडधाकट, नुकताच विक्रम केलेल्या इंजिनावर. १,०८७ सीसीचे झाले १,१०६. २ जूनला गार्डनर पुन्हा निघाले आणि ताशी ३२८ किलोमीटरच्या पुढे जाऊन वरच्या वर्गाचा विक्रमही घेऊन आले. मला यात चलाखीपेक्षा कारागिरांचा आत्मविश्वास दिसतो. सहातला एक सिलिंडर जरी बिघडला असता तरी सगळी मोहीम संपली असती.

तीन महिन्यांत महायुद्ध सुरू झालं. ते संपल्यावर गार्डनर तीच गाडी घेऊन बेल्जियममधल्या याब्बेकेच्या महामार्गावर उतरले, आणि आता खेळ उलटा सुरू झाला. इंजिन वाढवायचं नाही, कमी करायचं! ७५० सीसीचा वर्ग झाल्यावर १९४७मध्ये सहापैकी दोन सिलिंडर बंद केले. चार सिलिंडरवर ५०० सीसीचा विक्रम झाला. १९४९मध्ये तीनच चालू ठेवून ताशी २४८ किलोमीटर. मधे १९४८मध्ये जॅग्वारचं दोन लिटरचं प्रायोगिक इंजिन बसवून ताशी २८४ किलोमीटर गाठून झाले होते.

आणि १९५० साली सहातले फक्त दोन सिलिंडर उरले. ३५० सीसीच्या वर्गात, म्हणजे आपल्या बुलेटच्या इंजिनाहून मोठं नसलेल्या इंजिनावर, चार चाकांची गाडी ताशी १९५ किलोमीटरने धावली. दोन पिस्टन जीव तोडून काम करतायत आणि चार सिलिंडर नुसते सोबतीला. रेलटन यांच्या कवचाची खरी परीक्षा मला याच दिवशी झाली असं वाटतं, कारण इथे इंजिनाच्या मागे लपायला जागाच नव्हती.

शेवटच्या मोहिमा अमेरिकेत युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाटीवर झाल्या. १९५२मध्ये तिथल्या अपघातात गार्डनर यांच्या डोक्याला मार बसला आणि त्यांची कारकीर्द थांबली. १९५८मध्ये ते गेले.

डेसाऊच्या चमूतले सिड एनेव्हर मात्र थांबले नव्हते. त्यांनी थेंबाच्या आकाराची ईएक्स १८१ आखली. चालक पुढे जवळजवळ आडवा, इंजिन त्याच्या मागे. इंजिनाचं मूळ एमजीए या रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारच्याच घराण्यातलं. ऑगस्ट १९५७मध्ये बॉनव्हिलला स्टर्लिंग मॉस यांनी तिच्यातून १,५०० सीसीच्या वर्गात ताशी ३९५ किलोमीटर गाठले. दोन वर्षांनी ती पुन्हा मिठावर उतरली, या वेळी फिल हिल यांच्या हाती. दोन लिटरच्या वर्गात ताशी ४१० किलोमीटरचा विक्रम झाला. इंजिन किती सीसीचं होतं? १,५०६.