जखमीला हात देणाऱ्यासाठी कायदा

रस्त्यावरील अपघातात जखमीला मदत करणाऱ्या सामान्य माणसाला भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-ए चे संरक्षण आहे. २०१९ च्या दुरुस्तीने ते आले. मदत सद्भावनेने, स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता केलेली असावी, एवढीच अट. मग ती करताना हयगय होऊन जखमीला इजा झाली किंवा तो दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. वाहते रक्त थांबवायला जखम दाबून धरणे आणि रिक्षात घालून रुग्णालयात नेणे, दोन्ही यात बसते.

लोकांना मात्र खटल्यापेक्षा धास्ती असते ती पोलिसांच्या ससेमिऱ्याची, आणि ती अनाठायी नव्हती. 'सेव्हलाइफ फाउंडेशन'च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अशा मदतनिसांच्या संरक्षणासाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक ठरवल्या. पुढे २०२० मध्ये नियमही झाले. त्यांनुसार पोलीस नाव-पत्ता देण्याची सक्ती करू शकत नाहीत. साक्षीदार होणेही ऐच्छिक आहे. कोणी तयार झालाच, तर त्याची चौकशी त्याच्या सोयीने, घरी किंवा कचेरीतही करता येते.

कलम १३४-ए मोटार अपघातांपुरतेच आहे, ही त्याची मोठी उणीव. लोकलच्या फलाटावर कोणी छाती धरून बेशुद्ध पडला, तर आधार उरतो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चा. संमती मिळणे अशक्य असताना त्या व्यक्तीच्या हितासाठी सद्भावनेने केलेली कृती त्यानुसार गुन्हा ठरत नाही. नुकसानभरपाईच्या दाव्याबद्दल मात्र हे कलम काहीच बोलत नाही.