मूर्तिजापूरचे वसंतराव आणि रंगमंचावरची तालीम

युरोपातले ऑपेरागायक रंगमंच सोडला की बहुधा शिष्यांचे आवाज घडवायला बसतात. आपल्या संगीत नाटकात ही वाट भास्करबुवा बखल्यांनी घालून दिली. किर्लोस्कर मंडळीतल्या या बालनटाचा आवाज वयात येताना फुटला आणि नाटक सुटले. पुढे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकून त्यांनी बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांना तालीम दिली.

वऱ्हाडात जन्मलेले वसंतराव देशपांडे मात्र या वाटेने उलटे, गायनाकडून रंगमंचाकडे आले. २ मे १९२० रोजी मूर्तिजापुरात जन्मलेला हा मुलगा आईबरोबर नागपूरला गेला आणि शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकू लागला. १९३५ च्या ‘कालियामर्दन’ चित्रपटात तो कृष्ण झाला. पुढे किराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजारचे अमान अली खाँ आणि लाहोरचे असद अली खाँ असे गुरू झाले. पोटासाठी लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. मनात मात्र मास्टर दीनानाथांची झेपावणारी गायकी होती. दीनानाथांची तेजस्विनीची भूमिका गाजली ती ‘रणदुंदुभि’ नाटकात, आणि ते नाटक लिहिणारे वीर वामनराव जोशी अमरावतीचे. वऱ्हाडाचा हा धागा आपण फार क्वचित उलगडतो.

१९६७ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, वसंतराव ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये खाँसाहेब म्हणून उभे राहिले. लेखन नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत जितेंद्र अभिषेकींचे. नाटकाचा विषयच विद्या कोणाला द्यायची, हा. त्यातला शिकू पाहणारा सदाशिव नोकर बनून खाँसाहेबांच्या घरात राहतो आणि चोरून ऐकत शिकतो. अहंकारी उस्तादाच्या गळ्यातून वसंतरावांनी प्रेक्षकाला सुराचा लगाव, तानेचा वेग आणि शब्दाचा आघात असे सगळे दाखवले. माझ्या मते मराठी श्रोत्याला गायनाचे शिक्षण देणारा इतका समर्थ वर्ग दुसरा झाला नाही. जुन्या गायकनटांच्या गायकीतला फरक ते व्याख्यानांतही गाऊन समजावत. चंद्रकांत लिमये आणि विजय कोपरकर यांना त्यांची प्रत्यक्ष तालीम मिळाली.

३० जुलै १९८३ रोजी ते गेले, तेव्हा नातू राहुल चार वर्षांचाही नव्हता. त्याने इतर गुरूंकडे शिकून, आजोबांची ध्वनिमुद्रणे ऐकून २०१० मध्ये तेच नाटक पुन्हा उभे केले. ध्वनिमुद्रण असे शिकवू शकते, हे खरे. पण बोलता बोलता पद कसे उचलावे, भूमिकेतला श्वास कुठे घ्यावा, हे समोर बसूनच कळते.

म्हणून अकोल्याच्या आणि अमरावतीच्या संगीत विद्यालयांना एक विनंती. परीक्षेच्या रागांबरोबर आठवड्यातला एक तास नाट्यगायनाच्या तालमीला द्या, आणि त्याची सुरुवात मूर्तिजापुरातून करा.