हेराच्या सिनेमात घर आलं

मागच्या बैठकीत बचतीचे पैसे जमा झाले, वही मिटली आणि विषय निघाला ‘टायगर जिंदा है’चा. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी तो टीव्हीवर पाहिलाय. एक ताई म्हणाल्या, “हेरांचे सगळे सिनेमे सारखेच!” खरंच तसं आहे का? आज तेच बघू.

अशा सिनेमांचा एक जुना साचा असतो. हेर एकटा, ना घर ना संसार. शत्रू बहुतेक शेजारचाच देश. आणि बाई एक तर फसवणारी, नाही तर गाण्यापुरती.

२०१२ च्या ‘एक था टायगर’मध्ये भारताचा टायगर आणि पाकिस्तानची झोया, दोघंही हेर, प्रेमात पडून पळून जातात. २०१७ मध्ये आलेला दुसरा भाग तिथून पुढे जातो. आता टायगरला बायको आहे, मुलगा आहे. इराकमध्ये अतिरेक्यांनी भारतीय आणि पाकिस्तानी नर्सना ओलीस धरलंय. त्यांना सोडवायला दोन्ही देशांचे हेर एकत्र येतात, आणि झोया नुसती वाट बघत बसत नाही, स्वतः लढते. वेश पालटणं, गोळीबार, शेवटच्या घटकेला सुटका हे सगळं जुनंच. पण जीव कोणासाठी धोक्यात घालायचा, ते बदललं. इथे कागद किंवा यंत्र वाचवायचं नाही, परमुलखात कष्ट करणाऱ्या बायका वाचवायच्या आहेत.

ही गोष्ट सुचली ती खऱ्या घटनेवरून. २०१४ मध्ये इराकच्या तिक्रितमध्ये ४६ भारतीय नर्स अडकल्या होत्या, बहुतेक केरळच्या. शिक्षणाचं कर्ज फेडायला कित्येक जणी तिकडे गेल्या होत्या. कर्जाचा हप्ता म्हणजे काय, ते आपल्याला कोणी सांगायला नको. त्यांना आणायला कोणी टायगर गेला नव्हता. त्या फोनवरून भारतीय दूतावासाशी बोलत राहिल्या, सरकारने पडद्यामागे प्रयत्न केले आणि जुलैमध्ये त्या विमानाने कोचीला उतरल्या.

सिनेमातल्या नर्सना मात्र शेवटी सोडवणाऱ्याचीच वाट बघावी लागते. तेवढा साचा अजून तुटायचा आहे, असं आम्हाला वाटतं. तुम्हाला काय वाटतं? पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की बोला यावर.