ओट्याखालची कपाटे

कामगार संघटनेच्या माणसाने व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून स्वयंपाकघरातील कपाटांविषयी बोलावे, हे पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. परंतु आमच्या कामगाराच्या हाती आयुष्यात एकदाच काय ती मोठी रक्कम पडते, ती भविष्यनिर्वाह निधीची किंवा ग्रॅच्युइटीची. तीतून घराचे उरलेले कर्ज फिटते, मुलीचे लग्न होते, आणि अलीकडे ‘मॉड्युलर किचन’ही तीतूनच होते. पगारवाढीच्या कराराला बसलो म्हणजे आम्ही दिवसाला दहा रुपयांसाठी रात्र रात्र जागतो. मग तोच पैसा रंगीत चित्रांची वही पाहून अर्ध्या तासात दुकानात मोजून यावा, हे आम्हांस पटत नाही.

हा प्रकार श्रीमंतांच्या हौसेतून निघाला असा समज आहे, तो खरा नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची भयंकर टंचाई होती. फ्रँकफुर्ट शहराने एर्न्स्ट माय या वास्तुशिल्पज्ञाच्या देखरेखीखाली साध्या लोकांसाठी वसाहती बांधल्या, आणि त्या घरांसाठी मार्गारेटे शुट्ट-लिहोत्स्की या बाईंनी १९२६ साली एक स्वयंपाकघर आखले. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. एवढ्याशा जागेत ओटा, कपाटे, पीठ-साखरेचे खण, इस्त्रीची घडीची फळी, सगळे मापात बसविलेले. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे झाली. बाईंनी कारखान्यातल्या टेलरसाहेबांची रीत घरात आणली, म्हणजे घड्याळ लावून कामातली पावले मोजली. टेलरच्या घड्याळाशी आमच्या संघटनांचे वाकडेच. परंतु इथे वाचलेला वेळ मालकाच्या खिशात न जाता बाईच्या पदरात पडत होता, तेव्हा आमची तक्रार नाही. पुढे नाझी राजवटीविरुद्ध काम केल्याबद्दल १९४१ साली याच बाई पकडल्या गेल्या व युद्ध संपेपर्यंत तुरुंगात होत्या. एरवी कपाटांच्या इतिहासात असे माणूस भेटेल असे कोणास वाटणार नाही!

आता आपल्या दुकानाकडे वळू. दुकानदार प्रथम दाखवितो तो दाराचा रंग आणि चकाकी. तो त्याच्या धंद्याचा भाग आहे. आपण मात्र दार उघडून आत पाहावे, कारण पैसा दारात दिसतो आणि आयुष्य खोक्यात असते. खोका चार प्रकारच्या फळ्यांचा असतो. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेली फळी. एमडीएफ म्हणजे त्याहून बारीक तंतूंची, गुळगुळीत. एचडीएचएमआर नावाने विकली जाते ती तीच जात, अधिक घट्ट दाबलेली आणि दमटपणाला जास्त टिकणारी. पण ‘दमटपणाला टिकते’ आणि ‘पाण्याला टिकते’ यांतला फरक विक्रेता क्वचितच सांगतो. चौथे प्लायवुड. त्यात लाकडाचे पातळ पापुद्रे एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले असतात, म्हणून ते स्क्रू धरते आणि वाकत नाही.

प्लायवुडातही सगळा खेळ गोंदाचा. साध्या ‘एमआर’ प्रतीत युरियाचा गोंद असतो. तो हवेतला ओलावा सोसतो, साचलेले पाणी सोसत नाही. पाण्याची प्रत म्हणजे फिनॉलच्या गोंदाची, आयएस ७१० या मानकाची. तिचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी पापुद्रे सुटता कामा नयेत, अशी कसोटी आहे. कापलेल्या कडेवर गोंदाच्या रेघा गडद तपकिरी दिसल्या तर फिनॉलचा गोंद असण्याचा संभव असतो. पण रंग मिसळूनही रेघ गडद करता येते, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नये. फळीवर आयएसआयचा शिक्का, त्यावर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवान्याचा क्रमांक पाहावा. तो क्रमांक मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइलवरच्या सोयीत घातला म्हणजे परवाना कोणाचा, हे तिथल्या तिथे कळते. दुकानात उभे राहूनच पाहावे. शरम बाळगू नये.

याहून सोपी परीक्षा आमच्या एका फिटर सभासदाने केली. त्याने तीन दुकानांतून फळीचे टाकाऊ तुकडे मागून आणले, व्हर्निअरने जाडी मोजून प्रत्येकावर लिहिली आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवले. सकाळी एका तुकड्यावर व्हर्निअरचे जबडे रात्रीच्या मापाला बसेनात. फुगलेला पार्टिकल बोर्ड वाळला तरी पूर्ववत होत नाही, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. जो दुकानदार तुकडाच देत नाही, त्याच्याविषयी आपापले मत बनवावे.

तरीही पार्टिकल बोर्ड वाईटच, असे आम्ही म्हणणार नाही. भिंतीवरच्या वरच्या कपाटांना, जिथे डबे ठेवायचे आणि पाणी पोचत नाही, तिथे तो चालतो आणि पैसा वाचतो. तो सिंकखाली आणि जमिनीलगत चालत नाही. आपल्याकडे स्वयंपाकघर पुसत नाहीत, धुतात. कोकणात तर चार महिने भिंतीच घाम गाळतात. म्हणून खालचा खोका जमिनीवर न टेकता चार इंचांच्या पायांवर उभा असावा आणि पुढची पट्टी काढता येणारी असावी.

फळी कोणतीही असो, पाणी शिरते ते कडेतून. दर्शनी कडेला चकचकीत पट्टी सगळेच लावतात. आपण वाकून फळीच्या खालच्या आणि मागच्या कडेवरून बोट फिरवावे. तिथे खरखरीत लागले तर पट्टीचा खर्च वाचविला आहे. नळासाठी पाडलेले भोक तर बहुतेक ठिकाणी उघडेच सोडतात. एका सभासदाच्या घरी सगळे काम उत्तम होते, आणि दुसऱ्या पावसाळ्यात सिंकखालचा तळ त्या एका भोकापासून फुगत गेला. हमीपत्र काढून पाहिले, तर पाण्याने झालेले नुकसान हमीत धरलेले नाही, असे बारीक अक्षरांत छापलेले. सिंकच्या कपाटाला पाण्याची हमी नाही, हे म्हणजे छत्री दिली पण पावसात उघडायची नाही, त्यातलेच झाले.

बिजागऱ्या आणि खणांच्या पट्ट्या यांवर कंजूषी करू नये. दुकानातला खण रिकामा असतो म्हणून लोण्यासारखा सरकतो. आपल्या खणात कुकर, कढई, तवे आणि खलबत्ता जायचा आहे. पट्टी किती किलो सोसते ते लेखी घ्यावे, आणि नमुन्याच्या खणात दोन पिशव्या तांदूळ ठेवून तो पुरा बाहेर ओढून पाहावा. वाकला किंवा बाजूला हलला तर पुढे चला. तारेच्या जाळ्यांना ‘तीनशेचार’ पोलाद म्हणून सांगतात आणि खात्रीसाठी लोहचुंबक लावून दाखवितात. ही परीक्षा फसवी आहे. ३०४ला चुंबक जवळपास लागत नाही हे खरे, पण त्याहून स्वस्त अशा २०२लाही तो लागत नाही. महाग निकेल कमी करून त्याजागी मँगनीज घातलेले ते पोलाद आहे, आणि ते लवकर गंजते. तेव्हा बिलावर क्रमांक लिहून मागणे हाच उपाय.

दरपत्रकाचे गणित तर करारातल्या कलमांसारखेच वाचावे लागते. कोणी धावत्या फुटाचा भाव सांगतो, कोणी चौरस फुटाचा. चौरस फूट म्हटले तरी दाराचे मोजतो की आतल्या सगळ्या फळ्यांचे, हे विचारावे. दहा फूट ओट्याखाली अडीच फूट उंच कपाटे आणि वर दोन फूट उंचीची, तर दर्शनी माप ४५ चौरस फूट झाले. आतल्या फळ्या मोजल्या तर आकडा कितीतरी पटींनी वाढतो, आणि कमी भाव सांगणाराच महाग पडतो. उघड्या बाजूची फळी, खण, जाळ्या, कर आणि बसवणावळ आत की बाहेर, तेही लिहून घ्यावे. बसवून पाहीपर्यंत निदान दहावा हिस्सा हाती राखावा. इतके करूनही फसवणूक झालीच, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क पडत नाही, फक्त बिल पक्के हवे.

ज्यांच्या घरी कडप्प्याचा जुना ओटा आहे त्यांनी तो फोडण्याची घाई करू नये. कडप्प्याच्या उभ्या फरश्या हाच खोका. त्याला वाळवी लागत नाही, तो फुगत नाही. समोर लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची चौकट ठोकून दारे लावली आणि दोन-तीन खण बसविले, की निम्म्याहून अधिक फळी वाचते. दुकानदार हा मार्ग आपण होऊन सुचविणार नाही.

एक गोष्ट आमच्या धंद्यामुळे सांगितल्यावाचून राहवत नाही. या फळ्यांच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू निघतो. नवे कपाट उघडताच डोळे चुरचुरतात ते त्यानेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला कर्करोगकारकांत धरले, लाकडाच्या धुळीला तर त्याआधीच. म्हणून कमी वायूची ‘ई-१’ प्रतीची फळी मागावी. पण आपल्याकडे तो वास महिनाभर येतो, फळी कापणारा सुतार तो रोज घेतो. आपल्या घरात कापणी चालली असेल तर खिडक्या उघडाव्यात, त्याला चांगला मुखपट्टा आहे की नाही पाहावे, नसेल तर आणून द्यावा. लाखाच्या कामात तो खर्च हिशेबात दिसणारही नाही.

शेवटी ओट्याची उंची. दुकानाचे माप ठरीव असते, घरची बाई ठरीव मापाची नसते. जी रोज पोळ्या लाटणार, तिला पायात नेहमीच्या सपाता घालून उभे करावे, कोपर दुमडायला सांगावे, आणि कोपराखाली चार बोटे सोडून भिंतीवर खडूने रेघ मारावी. मिस्त्री आला की त्याला आधी ती रेघ दाखवावी.