विश्लेषण : कळांविना नैसर्गिक बाळंतपण खरेच शक्य आहे का?

‘वेदनारहित प्रसूती’ हे शब्द आता प्रसूतिगृहांच्या पाट्यांवर आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत सर्रास दिसतात. दुसरीकडे घरातली आजी सांगते, कळा सोसल्याशिवाय का बाळंतपण होते? दादर-परळमधली पहिलटकरीण या दोन वाक्यांच्या मध्ये सापडते. यातले खरे कोणते आणि नववा महिना लागलेल्या स्त्रीने त्यातून काय घ्यायचे?

‘नॉर्मल’, ‘नैसर्गिक’ आणि ‘वेदनारहित’ एकच का?

नाही, आणि गोंधळाचे मूळ इथेच आहे. बोलण्यात ‘नॉर्मल’ म्हणजे सिझेरियन न होता योनीमार्गे झालेली प्रसूती. ‘नैसर्गिक’ म्हणजे कळा आपणहून सुरू झाल्या आणि औषधांची गरज पडली नाही. जाहिरातीतली ‘वेदनारहित’ प्रसूती बहुतेक वेळा एपिड्युरलची असते, म्हणजे पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी बसवून दिलेल्या भुलीची. ती ‘नैसर्गिक’च्या काटेकोर व्याख्येत बसत नाही, पण ‘नॉर्मल’ मात्र असते. औषधाशिवाय बाळंतपण व्हावे आणि दुखूही नये, ही तिसरी गोष्ट. ती घडते, पण ठरवून घडवता येत नाही.

दुखते कशामुळे?

आधी गर्भाशयाचे स्नायू ठरावीक अंतराने आकसतात आणि गर्भाशयाचे तोंड हळूहळू उघडते. ही कळ ओटीपोटात, कमरेत, कधी मांड्यांपर्यंत पसरते आणि नेमकी कुठे दुखते ते बोट ठेवून सांगता येत नाही. पुढे बाळ खाली सरकते तसा योनीमार्ग आणि आजूबाजूचा भाग ताणला जातो. हे दुखणे वेगळे, तीव्र आणि नेमक्या जागेचे असते. बाळाचे तोंड आईच्या पोटाकडे वळलेले असेल, तर कळा पाठीत जास्त जाणवतात. कळा वाढवण्यासाठी औषधाचे सलाईन लावले, तर त्या जवळजवळ आणि जोरात येऊ शकतात. त्यामुळे शेजारच्या खाटेवरची बाई शांत आहे आणि आपण ओरडतो आहोत, याचा धीटपणाशी संबंध असेलच असे नाही.

काही जणींना खरेच कमी दुखते का?

हो. केंब्रिजच्या संशोधकांनी पहिल्या बाळंतपणात वेदनाशामक न मागितलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला आणि २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. या स्त्रियांच्या हातावर उष्णता आणि दाब देऊन, तसेच हात बर्फाच्या पाण्यात बुडवायला लावून चाचण्या घेतल्या. इतरांना जिथे दुखू लागे, तिथे यांना दुखत नव्हते. त्यांच्या भावनिक किंवा बौद्धिक क्षमतेत मात्र फरक आढळला नाही. त्यांच्यात ‘केसीएनजी४’ या जनुकाचे एक वेगळे रूप इतरांपेक्षा अधिक प्रमाणात सापडले. त्यामुळे वेदनेचा संदेश नेणाऱ्या चेतापेशी सहज जाग्या होत नाहीत. असे रूप साधारण १०० पैकी एका स्त्रीत असते, असा संशोधकांचा अंदाज आहे. जणू निसर्गानेच दिलेली भूल. स्कॉटलंडच्या जो कॅमरन यांचे उदाहरण याहून विरळ. वेगळ्याच जनुकीय बदलामुळे त्यांना बाळंतपणातच काय, एरवीही जवळपास वेदना जाणवत नाहीत.

म्हणजे ‘मला काही कळलेच नाही’ असे सांगणारी मावशी खोटे बोलत नसते. पण तिला जमले ते भाचीलाही जमेल, असा त्याचा अर्थ नाही. खेरीज दुसरे बाळंतपण पहिल्यापेक्षा बहुधा लवकर उरकते. पहिलटकरणीशी तुलना करताना हे विसरले जाते.

भीतीमुळे कळा वाढतात, हे कोणी सांगितले?

ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी. लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत एका बाईने त्यांनी पुढे केलेला क्लोरोफॉर्म नाकारला, कारण तिला दुखतच नव्हते. तो प्रसंग त्यांच्या मनात राहिला. भीतीने शरीर ताठरते, ताठरल्याने दुखते आणि दुखल्याने भीती वाढते, असे त्यांनी १९३३ च्या ‘नॅचरल चाइल्डबर्थ’ या पुस्तकात मांडले. फ्रान्सचे फर्नां लामाझ यांनी सोव्हिएत रशियात पाहिलेली श्वासाची आणि मनाच्या तयारीची पद्धत १९५० च्या दशकात पॅरिसमध्ये आणली. तिची सुरुवात झाली ती धातू कामगार संघटनेच्या दवाखान्यात. आज महागड्या प्रसूतिवर्गांत शिकवला जाणारा ‘लामाझ’ मुळात कामगारांच्या बायकांसाठी होता, हे लालबागच्या वाचकाला गंमतीचे वाटेल.

या दाव्याची पुढे तपासणी झाली. कॅनडातील वेदनातज्ज्ञ रोनाल्ड मेल्झॅक आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवले, की असे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांना वेदना कमी होतात, पण फरक थोडाच असतो. तयारीचा उपयोग आहे. मात्र वर्ग करूनही दुखले, तर चूक आपली, हा अपराधभाव विज्ञानाने दिलेला नाही. तो विक्रीच्या भाषेतून आला आहे.

मग सर्वाधिक फरक कशाने पडतो?

औषधाखेरीजच्या उपायांत सर्वांत भक्कम पुरावा आहे तो सोबतीचा. कळा सुरू झाल्यापासून बाळ हाती येईपर्यंत कोणी तरी आपले माणूस सतत जवळ असणे, इतकी ती साधी गोष्ट. कॉक्रन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात २६ चाचण्यांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र केली गेली. सोबत मिळालेल्या स्त्रियांच्या कळांचा काळ काहीसा घटला, सिझेरियन आणि वेदनाशामके कमी लागली आणि बाळंतपणाच्या अनुभवाबद्दल नाराजीही कमी राहिली.

परळमध्ये १९२६ मध्ये नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले ते गिरणी कामगारांच्या घरांतील स्त्रियांसाठी. के.ई.एम.ही त्याच वर्षीचे. तीन वर्षांनी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांतात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचा कायदा झाला. १९२८ मध्ये त्या विधेयकाला विधिमंडळात पाठिंबा देणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. गिरणगावात बाळंतपण चाळीच्या खोलीतून रुग्णालयात गेले, त्यामुळे असंख्य जीव वाचले. पण दारातच एक गोष्ट मागे राहिली. चाळीत सुईणीबरोबर आई, आत्या, शेजारीण असत. रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात बाई एकटी गेली आणि नातेवाईक बाहेरच्या बाकड्यावर बसले.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली. ती नात्यातली स्त्री असावी आणि शक्यतो तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेले असावे. खासगीपणा राखता येत असेल तेथे पतीलाही थांबता येते. अडते ते या खासगीपणापाशी. एका कक्षात ओळीने खाटा असतील आणि मध्ये पडदाही नसेल, तर कागदावरची परवानगी बाकड्यापाशीच थांबते. म्हणून नाव नोंदवतानाच सोबत कोण थांबू शकेल हे विचारावे. कळा सुरू झाल्यावर ती चर्चा होत नाही.

चालणे, बसणे, दुधात तूप?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार, कळांच्या काळात स्त्रीने हिंडावे-फिरावे, उभे राहावे, हवे तसे बसावे. पाठ चोळणे, गरम शेक, संथ श्वास हे उपायही त्यांत आहेत. पहिल्या तासांत उताणे पडून राहण्याची सक्ती नको. गर्भाशयाचे तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडलेच पाहिजे, ही जुनी अपेक्षाही अवास्तव असल्याचे त्या सांगतात. बाळ बाहेर काढण्यासाठी पोट दाबण्याची शिफारस केलेली नाही.

नवव्या महिन्यात दुधात तूप घालून प्याल्याने वाट सोपी होते, याला मात्र पुरावा नाही. तूप पचनमार्गात जाते, गर्भाशयात नाही. उकिडवे बसून लादी पुसण्याचे तसेच. झेपत असेल तर व्यायाम म्हणून ठीक, पण त्याने कळा कमी होण्याची हमी मिळत नाही.

एपिड्युरल मागणे म्हणजे हार?

मुळीच नाही. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने क्लोरोफॉर्म घेतला, तेव्हापासून हा वाद सुरू आहे. आज भूलतज्ज्ञ कमी मात्रेत औषध देतात. आई जागी असते आणि कळ आली की जोर लावू शकते. कॉक्रनच्या २०१८ च्या आढाव्यानुसार एपिड्युरलमुळे सिझेरियनचे प्रमाण वाढत नाही आणि कायमची पाठदुखीही मागे लागत नाही. तोटेही आहेत. रक्तदाब उतरू शकतो, ताप येऊ शकतो, बाळ बाहेर येण्याचा टप्पा लांबू शकतो, क्वचित काही दिवस डोके दुखते. काही ठिकाणी नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचे निम्मे-निम्मे मिश्रण हुंगायला देतात. त्याचा परिणाम सौम्य असतो, पण लवकर ओसरतो.

खरी अडचण वेगळी आहे. एपिड्युरलसाठी भूलतज्ज्ञ चोवीस तास हजर लागतो. ज्या घराला खासगी रुग्णालय परवडते, तिथे हा निवडीचा प्रश्न असतो, इतरांकडे बहुधा निवडच नसते. कळांच्या धास्तीने थेट सिझेरियन मागणाऱ्याही काही जणी असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशात २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे दिसले, खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के होते. याचे कारण एकटी भीती नाही, पण वेदनाशमनाची सोय असेल तर निदान तेवढे एक कारण कमी होते.

दुखत नसेल तर काळजी नको?

उलट. चौथ्या ते सहाव्या महिन्यात गर्भाशयाचे तोंड न दुखता उघडू लागणे हा धोका असतो. तो ओळखून तोंडाला टाका घालण्याची पद्धत मुंबईतच घडली. ग्रँट मेडिकल कॉलेजचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी ती १९५५ मध्ये प्रसिद्ध केली आणि ‘शिरोडकर टाका’ जगभर पोहोचला.

पूर्ण दिवस भरल्यावरही ज्यांना कमी दुखते, त्यांचे बाळंतपण तीन तासांत उरकू शकते. पहिले बाळंतपण असे झपाट्याने झालेल्या स्त्रीने दुसऱ्या वेळी कळांची वाट पाहत घरी थांबू नये. पाणी जाणे, रक्तस्राव, खाली दाब येऊन शौचाला लागल्यासारखे वाटणे, पोटात आवळल्यासारखे होऊन ते वारंवार परतणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही जाणवले तर दुखत नसले तरी निघावे. गणेशोत्सवाच्या दिवसांत प्रसूतीची तारीख असेल, तर लालबाग-परळमधील कुटुंबाने बंद रस्ते लक्षात घेऊन रुग्णालयाची वाट आधीच ठरवावी आणि १०८ क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवावा.