मेदऊतीतील संप्रेरके आणि स्मृतिभ्रंश : परस्परसंबंधाचे विवेचन

प्रस्तावना :
मेदऊती म्हणजे अतिरिक्त ऊर्जा साठविणारे निष्क्रिय कोठार, असा समज दीर्घकाळ रूढ होता. १९९४ साली न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन या संप्रेरकाचे जनुक शोधून काढले आणि हा समज मोडीत निघाला. मेदपेशी रक्तात अनेक संदेशवाहक द्रव्ये सोडतात. त्यांना एकत्रितपणे ‘अ‍ॅडिपोकाइन्स’ असे म्हटले जाते. लठ्ठपणा आणि स्मृतिभ्रंश यांतील दुवा या द्रव्यांमध्ये कसा शोधला जात आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मध्यमवयातील लठ्ठपणा :
उत्तर कॅलिफोर्नियातील १०,२७६ व्यक्तींच्या दीर्घकालीन नोंदींवर आधारित अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. वयाच्या ४० ते ४५ व्या वर्षी लठ्ठ असलेल्यांमध्ये पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका, सामान्य वजनाच्या व्यक्तींच्या तुलनेत, ७४ टक्क्यांनी अधिक आढळला. मधुमेह व उच्च रक्तदाब यांचा प्रभाव वगळूनही हा संबंध टिकून राहिला.

लेप्टिनचे दुहेरी चित्र :
लेप्टिन हायपोथॅलॅमसला तृप्तीचा संदेश देते. परंतु त्याचे ग्राही स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्येही आढळतात. तेथे ते चेतापेशींमधील जोडण्या बळकट करण्यास साहाय्य करते. प्राण्यांवरील प्रयोगांत त्यामुळे अल्झायमर रोगाशी संबंधित अमायलॉइड प्रथिनाचा संचय कमी झाल्याचे दिसले. फ्रेमिंगहॅम येथील २००९ च्या अभ्यासात लेप्टिनची पातळी सर्वांत कमी असलेल्या गटात १२ वर्षांत अल्झायमरचा धोका २५ टक्के, तर सर्वाधिक पातळीच्या गटात ६ टक्के होता.

येथे एक विरोधाभास उद्भवतो. लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन मुबलक असते. मग त्यांच्या मेंदूला संरक्षण का लाभत नाही? याचे संभाव्य उत्तर ‘लेप्टिन-प्रतिरोध’ या संकल्पनेत आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडथळा ओलांडून आत जाणारे लेप्टिन अपुरे पडते आणि पेशींचा प्रतिसादही मंदावतो. थोडक्यात, रक्तात विपुलता असूनही मेंदूत टंचाई निर्माण होते.

अ‍ॅडिपोनेक्टिन व दाह :
अ‍ॅडिपोनेक्टिन हे संप्रेरक इन्सुलिनची परिणामकारकता वाढविते व दाह कमी करते. लठ्ठपणात मात्र त्याची पातळी घटते. त्याच वेळी पोटातील मेदातून इंटरल्युकिन-६ सारखी दाहकारक द्रव्ये अधिक प्रमाणात स्रवतात. असे असले तरी २०१२ च्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात अ‍ॅडिपोनेक्टिन अधिक असलेल्या वृद्ध स्त्रियांमध्येच स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त आढळला. त्यामुळे या संप्रेरकास सरसकट ‘संरक्षक’ ठरविता येत नाही.

वयाचा प्रश्न :
ब्रिटनमधील व्हाइटहॉल अभ्यासाच्या २०१८ च्या निष्कर्षानुसार ५० व्या वर्षीचा लठ्ठपणा धोकादायक ठरला; ६० व ७० व्या वर्षीचा मात्र नाही. स्मृतिभ्रंशाचे निदान होण्यापूर्वी काही वर्षे वजन घटू लागते, हे त्याचे एक कारण होय. उतारवयातील कमी वजन हे रोगाचे कारण नसून पूर्वचिन्हही असू शकते.

भारतीय संदर्भ :
पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा देहवस्तुमान निर्देशांक सारखाच, म्हणजे २२.३ होता, शरीरातील मेद मात्र अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के होता. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेले हे उदाहरण सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातील छुप्या मेदाकडे लक्ष वेधते. मेदऊती हीच संप्रेरकांचा स्रोत असल्याने केवळ वजनकाट्यावर विसंबणे अपुरे ठरते. म्हणूनच भारतीयांसाठी पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर कमरेचा घेर ही मर्यादा सुचविलेली आहे.

निष्कर्ष :
उपरोक्त अभ्यास सहसंबंध दर्शवितात. कार्यकारणभाव त्यांवरून सिद्ध होत नाही. तथापि २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने मध्यमवयातील लठ्ठपणाचा समावेश स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ घटकांत केला आहे. वार्धक्यातील स्मरणशक्तीची काळजी चाळिशी-पन्नाशीतच सुरू व्हावयास हवी, हाच या विवेचनाचा मथितार्थ होय.