सेकंदाला शंभर वेळा उघडणारं दार

मित्रांनो, एक गंमत करून पाहा. घड्याळ समोर ठेवा आणि दहा सेकंदांत किती टाळ्या वाजवता येतात ते मोजा. पन्नास? साठ? शाबास! आता ऐका. चिखलातून उड्या मारत धावणाऱ्या शर्यतीच्या मोटरसायकलचं इंजिन मिनिटाला १२,००० फेरे घेतं, तेव्हा त्याच्या पोटातलं एक छोटंसं दार दहा सेकंदांत हजार वेळा उघडतं आणि हजार वेळा मिटतं!

हिशेब सोपा आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात हे दार दर दोन फेऱ्यांत एकदा उघडतं. म्हणजे मिनिटाला ६,००० वेळा, सेकंदाला १०० वेळा. या दाराचं नाव व्हॉल्व्ह. दिसायला तो लांब दांडीच्या अळंबीसारखा असतो. एका व्हॉल्व्हमधून हवा आणि पेट्रोल आत येतं, तो इनलेट. दुसऱ्यातून जळलेला वायू बाहेर पडतो, तो एक्झॉस्ट. कॅम त्याला ढकलून उघडतो, स्प्रिंग त्याला परत ओढून मिटवते. मिटताना तो ज्या गोल कड्यावर टेकतो, ती त्याची सीट.

आता दळणाची भरलेली पिशवी हातात धरून भराभर वर-खाली करून बघा. हात भरून येतो ना? रिकामी पिशवी मात्र सहज हलते. स्प्रिंगचंही अगदी असंच आहे. इंजिनाचा वेग दुप्पट झाला, की व्हॉल्व्हला मागे वळवायला चौपट जोर लागतो. जोर कमी पडला तर व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही. मग खालून वर येणारा पिस्टन त्याच्यावर आदळतो आणि इंजिनाचा चक्काचूर होतो.

मग उपाय काय? व्हॉल्व्हच हलका करायचा! इथे टायटॅनियम कामाला येतं. विल्यम ग्रेगर या इंग्रज संशोधकाला १७९१ साली काळ्या वाळूत या धातूचा पत्ता लागला. तशीच इल्मेनाइट नावाच्या खनिजाची काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे, बरं का! पोलादाचा एखादा व्हॉल्व्ह १०० ग्रॅमचा असेल, तर त्याच मापाचा टायटॅनियमचा व्हॉल्व्ह साधारण ५७ ग्रॅमचा भरतो. टोयोटाने १९९८ साली अल्टेझा या मोटारीत असे व्हॉल्व्ह बसवले. होंडाच्या २००२ सालच्या सीआरएफ ४५० आर या मोटोक्रॉस गाडीत इनलेट व्हॉल्व्ह टायटॅनियमचे होते. पुण्याच्या बालेवाडीत २०२४ साली सुपरक्रॉस शर्यती झाल्या. त्यात उड्या मारणाऱ्या ४५० सीसी गाड्या याच जातीच्या.

तुम्ही म्हणाल, टायटॅनियम म्हणजे विमानात वापरतात तो धातू. तो कसला झिजतोय! इथेच तर खरी गोम आहे. टायटॅनियम ओढायला-ताणायला चिवट असलं, तरी घासायला कच्चं. दुसऱ्या धातूवर घासलं की ते त्याला चिकटतं आणि ओरबाडलं जातं. म्हणून व्हॉल्व्हवर क्रोमियम नायट्राइडसारखा कठीण मुलामा चढवतात. हा मुलामा किती जाड? जेमतेम काही मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केससुद्धा त्याच्यापुढे दोरखंड वाटावा!

एअर फिल्टर नीट बसला नाही किंवा वेळेवर धुतला नाही, तर बारीक धूळ आत शिरते. व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये ती सँडपेपरचं काम करते. एकदा का मुलामा गेला, की आतला मऊ धातू भराभर झिजतो आणि व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो. त्याची दांडी वर सरकते आणि कॅमच्या बाजूला मुद्दाम ठेवलेली बारीकशी फट कमी होते.

गंमत बघा. बहुतेक यंत्रं झिजली की खडखड करतात. इथे उलटंच! फट कमी झाली की टॅपेटचा आवाजही कमी होतो. स्वार खूश, “काय झकास चाललंय इंजिन!” आणि एके दिवशी दहा किका मारल्या तरी गाडी सुरूच होत नाही. कारण फट संपलेली असते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. म्हणून जाणता मेकॅनिक आवाजावर विसंबत नाही. तो फिलर गेज घालून फट मोजतो आणि लिहून ठेवतो. आणखी एक. पोलादी व्हॉल्व्ह पावडर लावून सीटवर घासतात, तसा टायटॅनियमचा कधी घासायचा नाही. मुलामाच निघून जाईल!

सीटही विचार करूनच निवडावी लागते. मिटलेला व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला देतो. टायटॅनियमच्या मिश्रधातूंतून उष्णता सावकाश वाहते, म्हणून सीट तरी उष्णता झटकन नेणारी हवी. पातेल्याच्या बुडाला तांबं कशासाठी लावतात, ते आईबाबांना विचारा. तेच इथेही! शर्यतीच्या इंजिनांत तांबं आणि बेरिलियम यांच्या मिश्रधातूच्या सीट वापरतात. त्या उष्णताही नेतात आणि व्हॉल्व्हला ओरबाडतही नाहीत. पण बेरिलियमची धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसांचा गंभीर आजार होतो. त्यामुळे तांब्यात निकेल आणि सिलिकॉन मिसळूनही सीट बनवतात.

साध्या गाड्यांनाही सीटचा प्रश्न आला होता. आजोबांना विचारा. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं. त्याचा पातळ थर जुन्या इंजिनांच्या बिडाच्या सीटला झिजू देत नसे. पण शिशाचा धूर माणसाला, त्यातही लहान मुलांच्या मेंदूला घातक. आपल्याकडे १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि २००० साली ते देशभर आलं. शिसं गेलं, तशा इंजिनांना अधिक कठीण सीट लागल्या. व्हॉल्व्हची सीट बदलता येते, मेंदू नाही!

मग सगळ्यांच्या गाडीत टायटॅनियम का नाही? कारण ते महाग आहे आणि बाजारहाटाच्या स्कूटरला एवढ्या वेगाची गरजच नाही. तिचा पोलादी व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं बिनतक्रार राबतो. कॉर्व्हेट झेड ०६ या २००६ सालच्या वेगवान मोटारीतही टायटॅनियम फक्त इनलेटला होतं. एक्झॉस्टच्या भट्टीत उभे होते सोडियम भरलेले वेगळे व्हॉल्व्ह. ज्याचं त्याला!

आता एक काम करा. ओळखीच्या गॅरेजमध्ये जाऊन टाकून दिलेला जुना व्हॉल्व्ह बघायला मागा. त्याच्या डोक्याच्या कडेला मिलिमीटर-दीड मिलिमीटर रुंदीचा एक पट्टा दिसेल. एवढ्याशाच जागेवर तो लाखो वेळा टेकला होता. आणि हो, बाबांना किंवा ताईला एवढं नक्की विचारा, “आपल्या गाडीचा एअर फिल्टर शेवटचा कधी साफ केला?”